एकच पील ठेवायचं

सुकलाल महाजनांची नात फोनवर यायला तयार नव्हती. नवरात्र बसल्यापासून हेच चाललं होतं. इंदूरहून मुलाचा, योगेंद्रचा फोन आला की सुकलाल आधी विचारायचे, ‘‘तेजू कुठं गेली?’’ पलीकडून कधी ‘झोपली’, कधी ‘खेळून राह्यली’ असं उत्तर यायचं. सहा वर्षांची पोर रोज दिवेलागणीला कशी झोपेल? सारी उमर कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांचं ‘उद्या नक्की येतो’ ऐकलेला माणूस तो. थाप त्यांना सुरुवातीच्या शब्दालाच कळायची.

पोर रुसली, पण कशावर, ते काही समजेना. वाईट या गोष्टीचं वाटत होतं की परसातली केळ यंदा केळफूल टाकून अगदी वेळेवर निसवली होती, दिवाळीच्या तोंडावर घड भरला होता आणि तो तेजस्विनीच्या हातानं कापायचा, असं सुकलालनी मनाशी ठरवून टाकलं होतं. योगेंद्रला आणि त्याच्या बहिणीला जे दिलं ते या नातीलाही द्यायचं होतं. देण्यासारखं दुसरं होतं तरी काय त्यांच्याजवळ? पोरगीच फिरकली नाही तर घड काय, कोणीही कापेल.

सुकलाल मूळचे निंबोल्याचे, घरची केळीची शेती. जमीन भावांकडे राहिली, सुकलाल बुऱ्हाणपुरात कापड मोजायला आले. माणूस केळीतून निघाला, पण केळी माणसातून निघाली नाही. लूमच्या खटखटाटातल्या गल्लीत घर घेतलं तेही मागं वीतभर मोकळी जागा आहे म्हणून. बायको मालूबाई म्हणाली होती, ‘‘घर पाहून राह्यले का वावर?’’ पण पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी तिनंच खोरं घेऊन मागं वळवलं आणि तिथं केळ लागली.

रविवारी दुकान बंद. त्या दिवशी सकाळी घरातले सगळे परसात. मालूबाई पदर खोचून वाफे करायची, पोरं माती उकरायची, आणि काम झालं की सुकलाल गरम मावा जिलेबी आणायचे. मातीच्या हातानंच पोरं ती खायची आणि मालूबाई ओरडायची. आजही जिलेबीचा वास आला की सुकलालना आधी ओल्या मातीची आणि तिच्या ओरडण्याची आठवण येते, गोडाची मागून.

उपदेश करायची सुकलालना सवयच नव्हती. धाकटी रंजिता वालाचं बी पेरून रोज उकरून बघायची, कोंब आला का म्हणून. सुकलाल एवढंच म्हणाले, ‘‘घडीघडी झाकण उघडलं तर भात शिजत नाही, बाई.’’ तरी तिनं उकरलंच, बी कुजलं, ती रडली. मग सुकलालनी दुसरं बी तिच्या हातावर ठेवलं आणि विषय संपला. आज रंजिता शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते आणि तिच्याइतका धीर त्या शाळेत कोणाला नाही, असं म्हणतात.

योगेंद्रची गोष्ट निराळी. केळीच्या बुंध्याशी नवी रोपं फुटतात, त्यांना पील म्हणतात. सगळी पिलं ठेवली तर ती आईचं खाणं वाटून घेतात आणि घड बारीक येतो. म्हणून एकच जोमदार पील ठेवायचं, बाकीची कापायची. निंबोल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण योगेंद्र शहरातलं पोरगं, मन मेणाचं. विळा हातात दिला तर तो केळीला मिठी मारून उभा राहिला. ‘‘बाबा, नका ना मारू त्यांले! लहान हायेत ते!’’

सुकलालनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘बरं, ठेव.’’

मालूबाईला नवल वाटलं. ‘‘अहो, घड हाती लागणार नाही.’’

‘‘नाही लागला तर नाही लागला.’’

त्या वर्षी केळीभोवती नुसतं रान माजलं आणि घड आला तो बघून शेजारीपाजारी हसले. बोटभर केळी, तीही वाकडी. मालूबाईनं मुकाट्यानं त्यांची भाजी केली. पुढच्या रविवारी योगेंद्र स्वतः विळा मागायला आला. तेव्हा सुकलालनी त्याला कुठलं पील ठेवायचं ते दाखवलं. रुंद पानांचं दिसायला देखणं, पण ते वरवरचं. तलवारीसारख्या अरुंद पानांचं ठेवायचं, त्याचं मूळ आईत खोल असतं.

नको असलेली पिलंही मालूबाईच्यानं फेकवत नसत. ती चांगलीशी निवडून मुळासकट काढायची आणि गल्लीत वाटायची. ‘‘लेकीबाळी दिल्यासारखं करते ही,’’ म्हणून सुकलाल तिला चिडवायचे.

ती गेली तेव्हा रंजिता रोज डबा पाठवू लागली. घरात चूल नाही, भांडी नाहीत, म्हणून मोरीला पाणी नाही, आणि हे सुकलालच्या ध्यानात येईपर्यंत परसातली केळ वाळून गेली होती. शेजारच्या निर्मलाबाई एक दिवस मातीनं भरलेलं पील घेऊन दारात आल्या. ‘‘भाऊ, मालूताईनंच दिलेलं होतं आमाले. त्याच वेलाचं हे.’’ केळीला वेल म्हणणाऱ्या निर्मलाबाईंना सुकलालनी त्या दिवशी हटकलं नाही. पील लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः भात शिजवायला लागले. करपला तरी तांदूळ धुतलेलं पाणी केळीला मिळायचं.

आता त्याच केळीचा घड भरला होता, आणि तेजू फोनवर येत नव्हती.

धनत्रयोदशीला गाडी दाराशी थांबली. योगेंद्र उतरला, सून शीतल उतरली, आणि तेजू आईच्या मागं लपून घरात शिरली. आबांच्या पाया पडली नाही, जवळ आली नाही. सुकलालनी लाडू पुढं केला, तोही तिनं घेतला नाही. थोड्या वेळानं बघतात तर पोर परसात. टाकीमागं वाकली, लाकडांखाली बघितलं, फाटक्या गोणपाटाचा कोपरा उचलला. एका मुठीत काहीतरी गच्च धरलेलं.

‘‘काय शोधून राह्यली, बेटा?’’

तिनं भीत भीत मूठ उघडली. आत चुरा झालेलं बिस्किट. ‘‘आबा, वो एक पिल्ला कहाँ है?’’

‘‘कोणतं पिल्लू?’’

‘‘आपने फोन पे बोला था ना! आज सारे पिल्ले काट दिए, एकच ठेवला आईजवळ.’’ तिचे डोळे भरून आले. ‘‘वो भूखा होगा.’’

योगेंद्र जो हसत सुटला तो भिंतीला टेकून खालीच बसला. शीतलनं कपाळावर हात मारला. म्हणून पोरगी महिनाभर ‘आबा गंदे हैं’ म्हणत होती! सुकलालना मात्र हसू आलं नाही. जो माणूस कुत्र्याची पिल्लं कापतो अशी तिची समजूत, त्याच्या घरी ही चिमुरडी मुठीत बिस्किट घेऊन आली होती. तिला जवळ घेऊन त्यांनी केळीशी नेलं आणि बुंध्याजवळचं हिरवं रोप दाखवलं. ‘‘हे पाह्य. हेच ते.’’

तेजूनं खूप वेळ त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग बिस्किटाचा चुरा त्याच्या मुळाशी घातला. तिच्या छोट्या हातांखाली सुकलालनी आपले हात धरले आणि दोघांनी मिळून घड उतरवला. योगेंद्रनं फोटो काढला.

त्या पिलाच्या शेजारी महिनाभरात आणखी तीन फुटली होती. योगेंद्रनं सवयीनं विळा उचलला.

‘‘नहीं पापा! सब रखेंगे!’’ तेजू मधे आडवी झाली.

‘‘अगं, असं नसतं बेटा, सगळे ठेवले तर...’’

सुकलालनी त्याचा हात धरला. ‘‘बरं,’’ ते नातीला म्हणाले, ‘‘ठेव.’’

‘‘बाबा, पुढच्या वर्षी बोटभर केळी येतील. माहीत हाय ना तुम्हाले?’’

‘‘येऊ दे,’’ सुकलाल म्हणाले. ‘‘पाहायले येईल ना ती.’’