तीन नंबरचा उंदीर

तमाम जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, पन्नासचं दशक सरता सरता मुलुंडमधल्या एका कुटुंबाचं भवितव्य घाटकोपरच्या एका पांढऱ्या उंदराच्या हाती होतं. हसू नका. कुटुंब माझंच होतं.

घाटकोपरच्या प्रयोगशाळेत मी उंदरांचं रक्त मोजायचो. शेपटीचं टोक टोचायचं, थेंब घ्यायचा, रेघा आखलेल्या काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजायच्या. परक्याची कातडी लावली तर शरीर ती झिडकारतं. तो विरोध मोडणारं औषध आम्ही उंदरांना देत होतो. विरोध मोडायचा, पण त्याबरोबर हाडांतली मज्जाही. मेलेल्या उंदराची मांडी फोडली की लालभडक मज्जेऐवजी पाणचट फिकं काहीतरी निघायचं.

तेच औषध गोळ्यांच्या रूपात माझ्या धाकट्या बहिणीला चालू होतं. तिला रक्ताचा कर्करोग होता. तिच्या पेशी फार उतरल्या म्हणून डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि म्हणाले, "मज्जा सावरते का, वाट बघू." आम्हीही उंदरांचं औषध थांबवून तीच वाट बघत होतो. एकेक करून सगळे गेले. उरला तीन नंबर, आणि त्याचेही आकडे तळाला गेलेले.

एका सोमवारी मोजतो तर पेशी भरपूर! मी दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या आणि संध्याकाळी घरी दारातूनच ओरडलो, "तीन नंबर सावरला!" आईने देवापुढे साखर ठेवली. बहीण उशीला टेकून म्हणाली, "बघ, उंदीर माझ्यापेक्षा हुशार निघाला. उद्या त्याला विचार, काय खातो ते." पुढे रोज मी घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच असायचा.

आठवड्याने त्याची शेपटी मळलेली दिसली म्हणून मी साबणाने पुसली. खुणेसाठी आम्ही उंदरांना पिवळा रंग लावायचो; तीन नंबरला शेपटीच्या बुडाशी. साबण लागताच ती खूण कुंकवासारखी लाल झाली. आमचा रंग तसा कधी होत नसे. साबणाने लाल होते ती हळद, हे घरात कपडे धुणाऱ्या कुणालाही ठाऊक.

पिंजरे सांभाळणारे मालवणचे काका मागेच उभे होते. मी नुसतं वळून बघितलं.

"तो त्या सोमवाराआधी, आयतवारीच मेलो, साहेबानु," ते म्हणाले. "तुमचा तोंड बघवत नव्हता. म्हणान दुसरो ठेवलंय."

मी रागावलोही नाही. वहीतल्या आठवड्याच्या आकड्यांवर काट मारली आणि घरी आलो.

आता माझा गुन्हा ऐका. मला गोष्ट रंगवून सांगायची खोड आहे. बहिणीने विचारलं, "काय म्हणतो आपला तीन नंबर?" आणि मला खोटं बोलवेना, खरंही नीट बोलवेना. मग मी नाटकच केलं. काका झालो, उंदीर झालो, टॉवेलची शेपटी लावून साबणाने पुसली. स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणून खूण लाल करूनही दाखवली. आई डोळे पुसत हसत होती. बहीण इतकी हसली की तिला धाप लागली.

धाप ओसरली. ती टॉवेलवरच्या लाल डागाकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली,

"म्हणजे दादा, कुणीच सावरलं नाही?"