डोंगरावरचा पुडा

ती घटना आजही आठवली की आधी माझं स्वतःचंच ध्यान डोळ्यांपुढे येतं. भर दुपारी सातपुड्यातल्या एका खिंडीत खडकामागे पालथा पडलेला फौजदार, दोन्ही हातांनी धरलेली टोपी आणि समोरच्या दगडावर एक कागदी पुडा. पुडा बिचारा काहीच करत नव्हता. घाबरायचं काम आम्हीच करत होतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. यावलच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाण्यात माझी नेमणूक होती. शनिवारी सकाळची हजेरी चालू असताना आमचा खबऱ्या धापा टाकत आला. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एक तरुण मित्राला सांगत होता, "सगळे डबे जंगलात ठेवून आलो. शेवटच्यात पुडा आहे. उद्या डोंगरावर बार उडवायचाच!"

"माणूस कुठला?" मी विचारलं.

"वरणगावचा, साहेब. दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला."

डबे, पुडा, बार आणि वरणगाव! हे चार शब्द एका दमात ऐकले की कुठल्याही फौजदाराचा चहा गार होतो. त्या तरुणाचा मात्र गरम असतानाच राहिला. तो संपायच्या आत त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणला.

डबे ठेवल्याचं त्याने लगेच कबूल केलं. "खेळ आहे साहेब आमचा." डोंगर चढण्याची हौस असलेली त्यांची एक टोळी होती. हा आधी जाऊन अवघड पायवाटेवर कपारीत, झाडाच्या ढोलीत डबे लपवायचा. बाकीच्यांनी नकाशा आणि होकायंत्र घेऊन ते शोधायचे. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, डबा पुन्हा जागच्या जागी.

आमचे हवालदार धुळ्याकडचे, नोकरीत मुरलेले. ते म्हणाले, "खेळ शे का? मंग आपण चोर-पोलीस खेळूत."

"पुड्यात काय आहे?" मी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"कोणासाठी ठेवलाय?"

"ते तर मुळीच नाही सांगणार."

मी त्याला शांतपणे समजावलं. गुन्हा नोंदला की कारखान्याला कळवावं लागेल. अशा कारखान्यातली नोकरी मग राहत नाही. त्याचा चेहरा उतरला. घरात कमावता तो एकटाच होता. इतका वेळ कचेरीतली मराठी बोलणारा तो एकदम घरच्या बोलीवर आला. "नोकरी गेली तं जाऊ द्या, साहेब. मले नाव नही सांगाचं."

खोटं बोलणारा माणूस दर प्रश्नाला नवं उत्तर देतो. हा एकच नकार धरून बसला होता, आणि नजरही खाली जात नव्हती. तिथे मी पहिल्यांदा अडखळलो. गुन्हा नोंदवण्याआधी पुडा पाहायचा, असं ठरवलं आणि जळगावला बॉम्बशोधक पथकासाठी फोन करून आम्ही त्याला घेऊन डोंगर चढू लागलो.

वाटेतल्या डब्यांमध्ये शिट्टी, गोट्या, कंगवा, रंगीत बटणं निघाली. शेवटचा डबा खिंडीत होता. "तुम्ही लांब थांबा, मी काढतो," असं म्हणून त्याने लाल दोऱ्याने बांधलेला पुडा काढून दगडावर ठेवला आणि शेजारी बसून राहिला. आम्ही मात्र खडकामागे आडवे!

पथकाचा पत्ता नव्हता. हवालदार डोकं वर काढून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "साहेब, बठ्ठ्या मुंग्या पुडाकडेच चाली ऱ्हायन्यात. दारूगोळाले कधी मुंग्या लागतस का?"

खरंच, सगळ्या मुंग्यांची रांग पुड्याकडेच चालली होती. मी उठलो, कपडे झटकले, शक्य तेवढ्या रुबाबात पुड्यापाशी गेलो आणि कोपऱ्यातून सांडलेली चिमूट जिभेवर ठेवली.

साखर! साखरेचा पुडा. म्हणजे साखरपुडा. आणि उडवायचा होता तो लग्नाचा बार!

हवालदार इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. तो तरुण हसला नाही. "टोळीतलीच आहे. तिला अजून विचारलं नाही, साहेब. शेवटच्या डब्याचा नकाशा तिच्याच हातात देणार आहे. उद्या हा डबा तिला सापडला, की ती हो म्हणेल किंवा नाही. त्याआधी पोलिसात तिचं नाव गेलं, तर तिनं काय करायचं?"

मी पुडा होता तसा डब्यात ठेवला. उतरताना वाटेत भेटलेल्या पथकाला परत पाठवलं. स्टेशन डायरीत 'खबर निराधार' एवढीच नोंद केली.

सोमवारी एक मुलगी वडिलांना घेऊन थेट ठाण्यात आली. मागे आमचा आरोपी, लाजून अर्धा झालेला.

"याने माझं नाव सांगितलं नाही म्हणे," ती म्हणाली. "मी सांगते. लिहून घ्या."

"कोणत्या गुन्ह्यात, ताई?" हवालदारांनी विचारलं.

"याच्यासोबत ज्यात बसेल त्यात!"

तिचे वडील छताकडे बघून मिशीत हसत होते.

पुढे कित्येक चौकशांत समोरचा माणूस गप्प बसला की मी आवाज चढवण्याआधी थांबायला शिकलो. गप्प राहणारा प्रत्येक जण काही दडवत नसतो. कधी कधी तो कोणाला तरी जपत असतो, आणि दोघांचे चेहरे सारखेच दिसतात. फरक ओळखायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ देणं हेही पोलिसाचं कामच आहे.

त्या सोमवारी हवालदारांनी हौसेने पेन उघडलं होतं. मी ते बंद करायला लावलं. तिने नाव मात्र ठणकावून सांगितलं, सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं.