उद्धवकाकांची बोटं

उद्धवकाकांच्या गाडीने आजवर गॅरेज पाहिलेलं नाही. आकुर्डीतल्या त्यांच्या घरापुढे पत्र्याची शेड आहे. गाडीचं सगळं तिथेच होतं. ऑइल बदलणं, ब्रेक साफ करणं, आवाज यायला लागला की तो शोधून काढणं. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. एम.ए. करायला आले तेव्हापासून. एम.ए. झालं, नोकरी लागली, खोली सोडवली नाही. सुट्टीच्या सकाळी खिडकी उघडली की गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसतात. पाय विचारतात, "निशिगंधा, चहा झाला का गं?"

काका मूळचे परभणीकडचे. आयटीआय करून इकडे आले आणि भोसरीच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून लागले. पुढे चाकणला गेले, तिथूनच निवृत्त झाले. कौशल्याकाकूंनी त्या वर्षांत घरी रबर कापलं. कंपन्यांकडून गाड्यांच्या सांध्यांत बसणाऱ्या रबरी बुशांच्या गोण्या घरोघर यायच्या. साच्यातून निघताना बुशाच्या कडेला जादा रबर राहतं, ते ब्लेडने काढायचं. काकू गप्पा मारत, भाजीवर लक्ष ठेवत ते करायच्या. कड नीट झाली का ते बोट फिरवून बघायच्या, डोळ्यांनी नाही. त्यांचा मुलगा जयदीप सांगतो, "आमच्या घरी भाकरीलासुद्धा रबराचा वास यायचा."

जयदीप आता पिंपळे सौदागरला राहतो. बाबांनी गाडी विकावी, असं त्याचं म्हणणं आहे.

"मी कॅब लावून देतो ना, बाबा."

"कॅबवाला तुझ्या मावशीच्या दारात थांबल का?"

ही मावशी म्हणजे काकूंची थोरली बहीण, शालनबाई. राजगुरुनगरला असते. अंथरुणावर आहे, बोलता येत नाही. काकू दर रविवारी जाऊन तिची वेणी घालून येतात. दुसऱ्या कुणाला ती केसांना हात लावू देत नाही. बसने जायचं तर काकूंचे गुडघे साथ देत नाहीत. म्हणून गाडी. रविवारी सकाळी काका गाडी दारात लावून हॉर्न देतात. काकू म्हणतात, "आले हो, वरात निघालीय का?" आणि सावकाश बाहेर येतात.

गेल्या महिन्यात गाडी खड्ड्यातून जाताना खडखडायला लागली. काकांनी डाव्या बाजूच्या लोअर आर्मचा बुश बदलायला घेतला. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा खालचा लोखंडी हात. शनिवार होता. गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवलेली, चाक काढून भिंतीला टेकवलेलं. नवा बुश बसला. राहिला फक्त बोल्ट.

काकांचा एक नियम आहे. पहिले आटे हाताने. बोल्ट चिमटीत धरून फिरवायचा, तो आपणहून आत जायला लागला की मगच पाना लावायचा. टूलरूममध्ये त्यांनी कितीतरी पोरांना हे शिकवलं. त्यातली काही आता मॅनेजर आहेत आणि दसऱ्याला सोनं द्यायला आली की अजूनही म्हणतात, "काका, पहिले आटे हाताने!"

खालून पान्याचा आवाज आला. मग एक करकर. मग काहीच नाही.

मी बराच वेळ थांबून जिना उतरले. काका छोट्या स्टुलावर बसले होते, हातात बोल्ट. त्याचे पुढचे आटे चेपून चमकत होते.

"तिरका गेला," ते म्हणाले. "मी हातानंच लावला होता. मला वाटलं सरळ बसला."

"होतं कधीतरी, काका."

"माझ्याकडून नाही होत." त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला. "बोटं बधिर झालीत गं. साखरेमुळं. डॉक्टर म्हणाले मागंच. बोल्ट धरलाय हे दिसतं, कळत नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला बोलू नको. तिला कळलं तर ती गाडीत बसणार नाही. जयदीपचं बरं होईल. आणि शालनकडं जाणं बंद."

मी मान हलवली. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या.

"एकाच भोकाकडं किती वेळ बघायलात?"

"काही नाही. आतले आटे गेलेत."

"कुणी घालवले?"

काका बोल्ट फडक्याने पुसायला लागले.

"म्हणजे निशिगंधानं असतील," काकू म्हणाल्या आणि पेला त्यांच्याजवळ ठेवला.

काकांनी डब्यातून टॅप काढला. टॅप दिसतो बोल्टसारखाच, फक्त त्याच्या अंगाला उभ्या खाचा असतात आणि धार असते. बिघडलेल्या आट्यांतून तो फिरवला की ते पुन्हा साफ होतात. पण आधी त्याला जुना आटा सापडावा लागतो. त्यासाठी टॅप अगोदर उलटा फिरवतात. फिरवता फिरवता तो एका जागी किंचित खाली पडतो. तिथून सरळ फिरवायचा. ते पडणं दिसत नाही, ऐकूही येत नाही. हाताला कळतं. चुकीच्या जागेवरून सुरुवात केली तर टॅप उरलेसुरले आटेही कापून टाकतो. आतला नट सांगाड्याला जोडलेला; तो गेला की सांगाडा कापा, वेल्डिंग करा. एवढ्या जुन्या गाडीसाठी ते कुणी करत नाही. जयदीपने तर केलंच नसतं.

काका टॅप उलटा फिरवत राहिले. थांबले. पुन्हा फिरवला. कपाळावर घाम आला. चहा निवला.

"सरका," काकू म्हणाल्या.

"काय?"

"सरका म्हणते. बोटांना कळंना ना तुमच्या?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडं काय बघता? तिनं नाही सांगितलं. दिवाळीच्या आधी तुम्ही उकळत्या चहाचा पेला धरून शेजाऱ्याशी राजकारण बोलत बसला होतात. तो पेला मी पदरानं धरून आणला होता."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आणि शर्टाची बटणं? वरची दोन सोडून सगळी लावलेलीच असतात रोज. तुम्हाला काय वाटलं, इस्त्रीवाला लावून देतो?"

काका स्टुलावरून उठले. काकू बसल्या. गुडघा दुखला असणार, चेहऱ्यावर आलं आणि गेलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. तिथून उठावं असंही सुचलं नाही.

"हलकं धर," काका म्हणाले. "दाबू नको. उलटं फिरव."

"किती?"

"ते आपोआप कळतं."

काकूंनी डोळे मिटले. टॅप हळूहळू फिरत होता.

"पडला."

"खोल पडला का उथळ?"

"उथळ. नुसतं अडल्यासारखं."

"तो मी पाडलेला आटा. खोटा. सोड त्याला. अजून फिरव."

टॅप पुन्हा फिरू लागला. पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. काकूंची भुवई वर गेली.

"हा बघा. पायरी उतरल्यासारखं झालं."

"तिथंच थांब. हलू नको. आता सरळ. अगदी थोडं."

टॅप आत गेला. काकांनी ऑइलचे थेंब सोडले आणि टॅपला दांडा लावला. ताकद त्यांच्या हातात अजून आहे. दांडा ते फिरवत होते. काकूंची बोटं टॅपच्या मानेवर होती. थोडं पुढे, थोडं मागे. "जड लागायलंय," काकू म्हणायच्या, की काका लगेच मागे घ्यायचे. ऑइलबरोबर लोखंडाचा बारीक कीस बाहेर आला. काकूंनी तो जुन्या साडीच्या तुकड्याने पुसला. मग काकांच्या डब्यातला नवा बोल्ट चिमटीत धरला आणि फिरवला. शेवटपर्यंत गेला. पाना लागलाच नाही.

काकांनी ठरावीक जोर लागला की टक् वाजणारा पाना घेऊन तो आवळला. टक् वाजलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"बोटांचं झालं," काकू म्हणाल्या. "पायांचं काय? ब्रेक कळतो का?"

"पाय चांगले आहेत."

"मी विचारलं नाही तुम्हाला. मी बघणार. बसा."

त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला. काकांना खुर्चीवर बसवलं, चपला काढायला लावल्या, तळवे पदराने पुसले. "निशिगंधा, ह्यांचे डोळे झाक गं. लबाड आहेत."

मी मागे उभी राहून त्यांचे डोळे झाकले.

"कुठं टोचलं?"

"अंगठा."

"आता?"

"टाच. अगं आई, हळू!"

"आता?"

काकूंनी आकडा वरच धरला होता. माझ्या तळहातांखाली त्यांच्या पापण्या हलत होत्या.

"आता काही नाही," ते म्हणाले. "तू टोचलंच नाहीस."

काकूंनी दुसरा पाय घेतला. तिथेही सगळं बरोबर आलं. मधल्या बोटांत टोचल्यावर तर काकांना गुदगुल्या झाल्या आणि त्यांनी पाय ओढून घेतला. काकूंनी तो परत मांडीवर घेतला आणि तसाच धरून बसल्या. आकडा केसांत खोवायचा राहिला होता.

"सोमवारी डॉक्टरकडं. मी येणार बरोबर. पाय ते पण बघतील. ते गाडी नको म्हणाले तर नको. मग जयदीपला मी सांगणार, तुम्ही नाही."

"हो."

"बोटांची कामं आजपासून माझ्याकडं."

"हो."

"आणि उद्या हळू चालवायची."

"चाकणच्या ट्रॅफिकमधून जोरात कोण चालवतंय गं?"

संध्याकाळी काकांनी रिकामी गाडी फिरवून आणली आणि बोल्ट पुन्हा तपासला. रविवारी सकाळी हॉर्न वाजला. मी खिडकीतून पाहिलं. काकू तेलाची बाटली आणि फणी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या. काका सीटबेल्टची टोकं जुळवत होते. ती जुळत नव्हती. काकू वाकल्या, त्यांच्या हातातून पट्टा घेतला आणि लावला.

"मला जमलं असतं की," काका म्हणाले.

"असू द्या," काकू म्हणाल्या, आणि मग स्वतःचा लावला.