सासरकडची पाहुणी

आमच्या संस्थेत सगळ्या तिला आत्या म्हणतात. तीस वर्षं तिने घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले, निवृत्त झाली आणि आमच्याकडे आली. विकल्या गेलेल्या, मग सोडवून आणलेल्या मुली आमच्या इमारतीत राहतात. मी त्यांना शिवण शिकवते. मुलगी परत गेली तर घरचे तिला सांभाळतील की पुन्हा कुणाच्या हवाली करतील, हे आत्या जाऊन बघते.

"आई किती गोड बोलते ते मी ऐकतच नाही," ती म्हणायची. "पोरीचे कपडे ठेवलेत का, ते बघते."

मुलीची बदनामी नको, म्हणून गल्लीत संस्थेचं नाव काढायचं नाही, असा आमचा नियम. समोरचा जे समजेल त्याला मान डोलवायची. आजवर आत्याने कधी विमा एजंट, कधी शाळेतली बाई होऊन वेळ मारून नेली होती.

या वेळची मुलगी एकोणीस वर्षांची, माझ्या वर्गातली सगळ्यात अबोल. चार वर्षांपूर्वी ओळखीच्याच एका बाईने काम देते सांगून तिला नेलं होतं. आमच्याकडे येऊन आठ महिने झाले, पण तिने मागितलं ते एकच. "आईला विचारा, मी घरी येऊ का? कायमची."

आत्या परतली ती थेट शिवणाच्या खोलीत. चपला न काढताच स्टुलावर बसली.

"कपडे होते गं. पेटीत, घड्या घालून. आई रडली. म्हणाली, आणा तिला, हसतील त्यांचे दात दिसतील."

"मग?"

"मग शेजारीण आली. चार वर्षं घरच्यांनी गल्लीत सांगितलंय, पोरीचं लग्न झालं, लांब दिलीय. तिने विचारलं, तुम्ही सासरकडच्या का?" आत्याने मला मान डोलावून दाखवली.

मला तिचा संताप आला, खोटं कशाला बोलू? मग आठवलं, तो नियम बैठकीत मीच मांडला होता.

शेजारणीने घटकाभरात अख्खी गल्ली गोळा केली. पोर सुखात आहे ना, जावई का नाही आले, प्रश्नांवर प्रश्न. आत्या उत्तरं देत गेली. बायका पांगल्यावर आई उंबऱ्यातच बसून राहिली. पोरीच्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. चार वर्षं जे नुसतं तोंडी होतं, त्याला आता चारचौघांत साक्षीदार मिळाला होता.

"दोन दिवस येऊ दे," आई म्हणाली. "लग्न झालेली लेक माहेरी येते तशी. मग जाऊ दे."

मुलीला सांगताना मी आत्याशेजारी उभी होते. आत्याने काही लपवलं नाही. "चूक माझी आहे, पोरी," म्हणाली. मुलगी रडली नाही. मशीनच्या सुईखालचं कापड तिने सरळ केलं.

"नवरा काय करतो म्हणून सांगितलंत?"

"गवंडी. सुचलं ते सांगितलं."

"चांगला वागवतो?"

"हो म्हणाले मी."

"बरं," मुलगी म्हणाली. "लक्षात ठेवते."