नदीताईची शंका

पेपरच्या कचेरीत तिला नदीताई म्हणत, आणि त्यात प्रेम कमी, टोमणा जास्त असे. नोकरीत येण्याआधी कित्येक वर्षं तिने नदी वाचवा म्हणून घोषणा दिल्या होत्या, कागद कारखान्याच्या फाटकाशी ठिय्या मांडला होता, पोलिसांच्या गाडीतूनही फिरून आली होती. त्यामुळे तिने बातमी दिली की संपादक चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "ही बातमी की पत्रक?" इकडे आंदोलनातल्यांना वाटे, पगार सुरू झाला आणि पोरगी बदलली. धड इकडची नाही, धड तिकडची नाही, अशी तिची गत.

या दोन्हीकडच्या संशयानेच तिला घडवलं, हे मात्र खरं. भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला तर "कधीची ताजी?" असं विचारणारी ही बाई. आई म्हणे, "तुझ्यापेक्षा सासू परवडली. ती निदान एकदा विचारून गप्प बसते."

एका सकाळी दादाने फोटो पाठवला. दादा म्हणजे सख्खा भाऊ नव्हे. आंदोलनाचा म्होरक्या, तिला बोलायला आणि भांडायला शिकवणारा माणूस. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी मेलेल्या माशांचा खच पडलेला. त्याच आठवड्यात कारखाना वाढवायच्या परवानगीची सुनावणी होती. फोटो छापून आला की परवानगी अडणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि मनात पाल चुकचुकली. कोपऱ्यातल्या एका माशाचं पोट सरळ चिरलेलं होतं, आतून साफ केलेलं, बाजारात मिळतो तसं.

तिने फोन लावला. "दादा, हे मासे कुठले?"

"नदीतले. आणखी कुठले?"

"खरं सांग."

तो म्हणाला, "गेल्या वर्षी खरोखर मेले, तेव्हा तुमच्या कचेरीतलं काळं कुत्रंही फिरकलं नाही. तुलाही संपादकांनी येऊ दिलं नाही. म्हणून यंदा विकत आणले. काय चुकलं?"

तिने फोटो दिला नाही. दुसऱ्या पेपरने छापला, आणि कारखान्याच्या माणसांनी तेच चिरलेलं पोट सुनावणीत दाखवून आंदोलनाचं हसं केलं. परवानगी मिळाली. कारखान्याला हे सांगितलं कुणी? सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी," असं दादाची बायको तिच्या तोंडावर म्हणाली, आणि या वहिनीच्या हातचं ती वर्षानुवर्षं जेवली होती. तिने कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं, पण पटवणार कुणाला? संपादक मात्र पहिल्यांदाच तिच्यावर खूश झाले. तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

काही महिन्यांनी वहिनीचाच फोन आला. "मासे मरतायत. यायचं तर ये." आवाजात माया नव्हती. खरंच मरत असतील? की या वेळी मलाच अडकवायचा बेत आहे? सगळा रस्ता ती हेच घोळवत गेली. स्वतःची लाज वाटत होती, तरी विचार थांबेना.

नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं आणि वासाने डोळे चुरचुरत होते. काठावर मासेच मासे. दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. कॅमेरा तिच्या गळ्यात होता, पण आधी तोंडातून निघून गेलं, "दादा, हे होताना कुणी पाहिलं का? म्हणजे, बाहेरचं कुणी?"

दादा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने वाकून पाण्यातला एक मासा उचलला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. मासा जिवंत होता. तोंड उघडत होता, मिटत होता.

"हा अजून मरायचाय," दादा म्हणाला. "मरेपर्यंत थांब. मग तूच साक्षीदार."

ती थांबली. फोटो काढायला हात मोकळा नव्हता, आणि मासा खाली ठेवायचा तिला धीर होत नव्हता.