पल्याडच्या दिव्याचं गाणं

कारध्याचा तुलाराम पोटासाठी डोंग्यातून वैनगंगेत जाळं टाकी, पण दंडारीच्या खेळात बाई होऊन, लुगडं नेसून गायला उभा राहिला, की नदीही ऐकायला थांबल्यागत वाटे. त्यानं रचलेलं एक गाणं सगळ्यांच्या ओठी होतं :

‘पल्याड तुझा दिवा, अल्याड माझा डोंगा,
आपलं काय नातं, कोणीतरी सांगा.’

आता वयामुळे दंडार सुटली होती. कोणीतरी ते जुनं गाणं मोबाइलवर लावलं आणि घाटावर पोरांचा वाद जुंपला.

“बाई नवऱ्याची वाट पाहून राहिली,” भूपेश म्हणाला.

“भजन आहे थे. दिवा म्हणजे देव,” रेणू म्हणाली.

जाळं विणणारी नीतू हळूच बोलली, “मले तं वाटते, बाई नाही, माणूसच माणसाले बोलावून राहिला.”

सगळे हसले. “तुले काहीही दिसते, बाई.”

नीतूची मान खाली गेली. पायरीवर बसलेल्या तुलारामनं ती पाहिली. शेजारी घनश्याम होता, त्याचा दंडारीतला पेटीवाला, पल्याड भंडाऱ्यात राहणारा. त्याला हे गाणं कधी कळलं का, हे विचारायची तुलारामची जन्मभर छाती झाली नव्हती. विचारलं आणि घनश्यामनं येणंच सोडलं तर?

“नीतूले बरोबर दिसलं,” तुलाराम म्हणाला. मग बंडी-धोतरातच, स्वतःच्या जाड आवाजात त्यानं गाणं धरलं. घनश्यामकडे पाहायचा मात्र धीर झाला नाही.

पहिली ओळ संपली. पाण्यावर सांज उतरत होती. आयुष्यभर नुसती पेटी वाजवलेल्या घनश्यामनं दुसरी ओळ उचलली.