नाताळचं कापड

अबुधाबीत आमच्या अल रीमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक इंग्रज बाई राहते. डिसेंबरात तिने मला आणि माझ्या लेकीला चहाला बोलावलं आणि आपल्या पणजीच्या काळातला नाताळ सांगत बसली. मोठ्या घरांत मोलकरणींना म्हणे ओळीने उभं करायचे. मालकीण एकेकीच्या हातात भेट ठेवायची, आणि भेट म्हणजे काय, तर कापड. त्याचा कामावर घालायचा पोशाख त्या पोरीने स्वतःच्या खर्चाने शिवून घ्यायचा. वर गुडघे वाकवून थँक्यू म्हणायचं. नाताळच्या दिवशी सुट्टी नाहीच. दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं खोक्यात भरून घरी पाठवायचे. बाई हे सगळं कौतुकाने सांगत होती. मला तिचा केक गिळवेना.

घरी आल्या आल्या मी नवऱ्यापुढे तोंड सोडलं. "काय निलाजरी माणसं. आपल्याच घरी राबायला कापड द्यायचं आणि त्याला भेट म्हणायचं. शी."

आमच्याकडे कामाला राहणारी बाई ओट्याशी भांडी पुसत होती. ती वसईची, ख्रिस्ती. चार वर्षं तिचा नाताळ घरी झाला नव्हता. आई थकलीय म्हणून यंदा तिने ऑक्टोबरातच सुट्टी मागितली होती. मी म्हटलं होतं, "इन्शाल्ला, बघू." आमच्या घरात त्याचा अर्थ 'नाही' असाच होतो, हे तिलाही ठाऊक होतं. पंचवीसला नवऱ्याच्या ऑफिसातली बारा माणसं जेवायला यायची होती.

पंचवीसच्या सकाळी मी तिला रिबन बांधलेलं खोकं दिलं. आत नवा एप्रन, लाल, कडेला लेस. पाहुण्यांसमोर बरा दिसेल म्हणून मीच निवडलेला.

लेक म्हणाली, "ममा, धिस इज द क्लॉथ थिंग."

मी तिला गप्प बस म्हटलं.

दुपारी किचनच्या दारात गेले, तर बाईचा आईशी व्हिडिओ कॉल चालला होता. आई विचारत होती, "नवा कपडा आहे का गं? नाताळचा?"

"हो, ताईंनी दिला," ती म्हणाली, आणि एप्रनच्या पोटावरच्या खिशात खोचलेलं फडकं दिसू नये म्हणून फोन हळूच वर धरला.

मला स्वतःची किळस आली. अगदी खरी आली.

"फोन ठेव आता," मी म्हटलं, "बाहेर रायतं संपलंय."